वखारीपुढे न जाणारी गाडी

१

गाडी पुन्हा बंद पडली होती, आणि या खेपेला भाचीचं ठाम मत होतं की तिला कुणीतरी विष घातलंय.

मामांनी हे ऐकलं तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती आणि उरलेल्या अर्ध्या गालावर साबण वाळत चालला होता. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. चेपलेली दारं, फुटलेले दिवे आणि "साहेब, मी तर अगदी हळू चालवत होतो" असं शपथेवर सांगणारी माणसं बघून बघून त्यांना चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूचा वीट आला होता. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी स्वतःची गाडी विकून टाकली आणि चालायचे चांगले बूट घेतले. आता उरलेलं आयुष्य गाडी या विषयावर एक शब्दही न ऐकता काढायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि दैव असं की त्यांच्याच सख्ख्या भाचीनं, नोकरी लागल्या लागल्या, आयुष्यातली पहिली गाडी म्हणून स्वतःच्या आईपेक्षा वयानं मोठी असलेली एक जुनाट गाडी दारात आणून उभी केली होती.

"चिमे, गाडीला कुणी विष घालत नाही," मामा आरशातूनच म्हणाले. "जुन्या गाड्या बंद पडतात. त्यांचा तो स्वभावच असतो. घरी जा."

"कुठे बंद पडली ते तरी विचार."

"कुठे?"

"लाकडाच्या वखारीपाशी! मामा, दर वेळी तिथंच. आधी सहा महिने हूं की चूं नाही. रोज हॉस्पिटलला न्यायची, रोज परत आणायची. आणि आता अचानक वखार आली की हिला काहीतरी होतं. हे आपोआप होतं का?"

चिमी हॉस्पिटलात लोकांचे कान तपासायची. दिवसभर बंद खोलीत बसून कुणाला किती बारीक आवाज ऐकू येतो ते बघायचं, हा तिचा धंदा. मात्र स्वतः बोलायला लागली की समोरच्याचे कान किटले तरी तिच्या लक्षात यायचं नाही.

"मग दे ना सोडून," मामा वैतागले. "बसनं जा."

चिमी एकदम गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे खरंच काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं मामांना तिच्या लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"आज संध्याकाळी गाडी जाणार मामा," ती म्हणाली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, अजून एकदा बंद पडली की विकायची. मी शब्द दिलाय. सकाळी पुन्हा बंद पडली, मी रजा टाकून घरी येऊन सांगितलं, आणि त्यांनी जागच्या जागी जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या त्या कोटवाल्याला फोन केला."

शब्द का दिला होता, हे मामांना माहीत होतं. चिमीचे बाबा, म्हणजे मामांचे भावजी, दातांचे डॉक्टर. त्यांच्या संघटनेनं महिन्यापूर्वी त्यांचा सन्मान ठरवला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना व्यासपीठावर बसवणार होतं. ज्या गाडीत पाय ठेवणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं, त्याच गाडीत त्या दिवशी लेकीच्या हट्टापायी ते बसले. गाडी वखारीपाशी बंद पडली. ते पोचले तेव्हा सभागृहात खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. घरी आल्यावर त्यांनी ती अट घातली, आणि चिमीनं मान खाली घालून ती मान्य केली.

"आणि हे बघ." तिनं कागदाची एक पुडी बेसिनच्या कडेवर ठेवली. आत चिमूटभर पांढुरकी पूड होती. "पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या खाचेत अडकली होती. साखर! पेट्रोलमध्ये साखर टाकली की इंजिनची वाट लागते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

मामांनी बोटाच्या टोकावर पूड घेतली आणि जिभेला लावली. ती गोड नव्हती. बारीक वाळूसारखी दातांखाली किरकिरली. आणि मामांच्या मनात आलं की ही किरकिर आपण पूर्वी कधीतरी तोंडात अनुभवली आहे, या दातांनी, अगदी अशीच. कुठे ते मात्र काही केल्या आठवेना.

"ही साखर नाही," ते म्हणाले. "पण कुणीतरी त्या झाकणाशी खेळलंय खरं."

२

अर्धी दाढी तशीच ठेवून जाता येत नाही, म्हणून ती आधी पुरी झाली. मग मामा भाचीबरोबर तिच्या घरच्या अंगणात येऊन उभे राहिले.

गाडी सुंदर होती, हे मान्य करायला त्यांना फार त्रास झाला. चिमीनं दीड वर्ष सुट्टीच्या एकेका दिवशी तिचा गंज खरवडला होता, पत्रा घासला होता, रंगाचे थर स्वतः चढवले होते. त्या काळात त्या घरात जेवायच्या टेबलावर कार्बोरेटर आणि भांड्यांच्या जाळीत नटबोल्ट असायचे. मामांची ताई म्हणायची, "घरात सून आणावी तर ती दोन दिवसांत रुळते. ही मेली दीड वर्षं माझ्या ओट्यावर पसरलीय." त्या पसाऱ्यातून ही मोरपंखी रंगाची गाडी उभी राहिली होती आणि ऐटीत उभी होती.

"आता नीट सांग," मामा म्हणाले. "बंद पडताना काय होतं?"

"आधी सूर खाली जातो. मग मधूनमधून एक ठोका चुकतो. मग धाप लागल्यासारखी करते आणि हळूहळू जीव सोडते."

"झटक्यात बंद पडत नाही? दिवा मालवल्यासारखी?"

"नाही. तळमळून पडते बिचारी."

"बिचारी वगैरे राहू दे. नेहमी वखारीपाशीच?"

"हो. म्हणजे एखाद्या दिवशी वखारीच्या थोडी अलीकडे, थोडी पलीकडे. आणि रोज नाही हं. ज्या दिवशी जाताना पेट्रोल भरते त्या दिवशी काही होत नाही. म्हणूनच मी म्हणते, त्या जागी कुणीतरी टपून असतं आणि दिवस बघून..."

"बाजारात जाताना?"

"कध्धीच नाही."

"मग चालू कशी होते?"

इथे चिमीचा बांध फुटला. "तेच तर! काय वाट्टेल ते केलं तरी चालू होते. पहिल्यांदा पडली तेव्हा उस्ताद आले, त्यांनी प्लग पुसले, झाली चालू. दुसऱ्यांदा एक ट्रकवाला थांबला. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं, झाली चालू. बाबा होते तेव्हा तर तासभर उस्तादांची वाट बघून शेवटी त्यांनी रागानं चाकाला लाथ मारली. झाली चालू! आज सकाळी आमच्या वॉर्डातली सिस्टर बरोबर होती. ती म्हणाली जागा वाईट आहे, हात जोड. मी हात जोडले."

"आणि झाली चालू."

"तुला कसं कळलं?"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. प्लग, फडकं, लाथ आणि नमस्कार. चार वैद्य, चार औषधं, आणि रोगी चारही वेळा बरा. सगळ्या नोकरीत असा गुंता त्यांनी पाहिला नव्हता.

"पडल्या पडल्या तू पहिलं काय करतेस?"

"काय करणार? पेट्रोल संपलं का ते बघते. काटा मेलेलाच आहे तिचा, म्हणून झाकण काढायचं आणि लाकडी पट्टी बुडवून बघायची. पेट्रोल असतंच. झाकण काढलं ना मामा, की ती एवढा मोठा उसासा टाकते! मला इतकं वाईट वाटतं. मग मी तिच्या पाठीवर थोपटते, म्हणते, रडू नकोस गं..."

"चिमे," मामा दात ओठ खात म्हणाले, "मी गाडीची चौकशी करतोय. तिच्या भावना तुझ्यापाशी ठेव. या गाडीला हात कोण कोण लावतं?"

"मी. आणि उस्ताद. बस्स."

३

उस्ताद म्हणजे ज्याच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ही गाडी तिनं जोडली, तो मिस्त्री. उस्ताद ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली होती आणि आपण बरोबर आहोत याबद्दल त्याला आजवर कधी शंका आलेली नव्हती.

मामा पोचले तेव्हा तो एका दाराच्या पत्र्यावर खड्डे बुजवायला भरलेली लांबी घासत होता, आणि त्याच्या भुवयांपासून चपलांपर्यंत सगळ्यावर पांढरी पूड बसली होती. मामांचे डोळे चमकले. बोलता बोलता त्यांनी बाकावरची थोडी पूड उचलली आणि खिडकीकडे तोंड करून हळूच चाखली.

पिठासारखी मऊ होती. किरकिर नाही. मामांनी रुमालात थुंकलं आणि सुस्कारा सोडला. एका सकाळी दोनदा धूळ खायची वेळ त्यांच्यावर या गाडीमुळेच आली होती.

"तुमच्या भाचीनं माझं डोकं खाल्लंय," उस्ताद म्हणाला. "मी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर दोनदा उघडला. गाडी इथं तासभर उभ्या उभ्या चालवून दाखवली..."

"तासभर? बंद नाही पडली?"

"उभ्या गाडीला काय होतंय? नुसती गुरगुरत होती. पेट्रोल खराब आहे, दुसरं काही नाही. पेट्रोल बदला म्हटलं तर ऐकत नाही. चालवायला शिकली ती माझ्या डोळ्यांदेखत आणि आता मलाच शिकवते."

"टाकीचं झाकण तू बदललंस?"

"ते कशाला बदलू? अस्सल आहे ते, गाडीबरोबर आलेलं. आता तसं मिळत नाही." उस्ताद क्षणभर थांबला. इकडेतिकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "साहेब, माझ्यावर संशय घेण्यापेक्षा त्या कोटवाल्याकडे बघा. तीन महिन्यांपूर्वी तो इथं आला होता. म्हणाला, पोरीला सांग की इंजिन संपलं, आता ही गाडी रोज चालवण्यासारखी राहिली नाही."

"मग?"

"मी हाकलून दिला. पण जाताना म्हणाला, आज ना उद्या ती गाडी माझ्याकडेच येईल."

४

कोटवाल्याकडे जुन्या गाड्या एका लांबलचक बंद खोलीत ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीवर पांढरी चादर घातलेली होती. मामांना शवागारात आल्यासारखं वाटलं. कोटवाला स्वतः उकाड्यातही कोट घालून बसला होता. त्याचे बूट स्वच्छ होते आणि नखांत तेलाचा मागमूस नव्हता.

"होय, मी मिस्त्रीला खोटं बोलायला सांगितलं," तो शांतपणे म्हणाला. "मला लाज वाटत नाही. अशी गाडी रोज रस्त्यावर काढणं, पावसापाण्यात उभी करणं, हा गुन्हा आहे. तुमची भाची तिच्यातून भाजी आणते! मी बटाट्याची पिशवी पाहिली मागच्या सीटवर."

"म्हणून तुम्ही गाडीत काहीतरी घातलंत."

कोटवाला उभाच राहिला. "मी? अहो, मी गाडीच्या आरशावर बोटाचा ठसा उमटला तरी जेवत नाही. गाडीला इजा करायची असती तर ती तुमची भाची एकटीच पुरेशी आहे. एक दिवस तर टाकीच्या तोंडात चिंधी कोंबून हिंडत होती! झाकणाचा पत्ता नाही. मी हॉस्पिटलच्या आवारात पाहिलं आणि माझा जीव वरखाली झाला. संध्याकाळी तिच्या मागोमाग माझी गाडी घेऊन तिच्या घरापर्यंत गेलो, वाटेत पेटली तर विझवायला."

"वखारीपाशी बंद पडली?"

"छे. सुसाट गेली. त्यानंतर कधीतरी बंद पडायला लागली म्हणे. आज डॉक्टरांचा फोन आला तेव्हा..."

मामा पुढचं ऐकायला थांबले नाहीत. रस्त्यावर येऊन त्यांनी चिमीला फोन लावला.

"चिंधी? हो, होती की," ती म्हणाली. "झाकण एका सकाळी सापडेचना. बाबा म्हणाले, तूच कुठेतरी विसरली असशील, तुझं लक्ष नसतं. मग दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कठड्यावरच मिळालं. मीच ठेवलं असणार."

"गाडी पहिल्यांदा बंद पडली ती त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर," चिमी म्हणाली. "त्याच आठवड्यात."

मामा फुटपाथवर उभेच राहिले. चिंधी होती तेव्हा गाडी सुसाट गेली. झाकण आलं आणि गाडी अडली. म्हणजे विष टाकीत नव्हतंच. त्यांच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडत गेली, आणि शेवटच्या दारापाशी ते अडखळले. त्यांची जीभ नकळत मागच्या दाढेवर गेली होती. त्या दाढेत चांदी भरलेली होती. भरून झाल्यावर ती गुळगुळीत करताना तोंडभर किरकिर झाली होती आणि "चूळ भरा" असं कुणीतरी सांगितलं होतं.

सांगणारे भावजीच होते.

"चिमे," मामा फोनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "झाकण काढून घे आणि बाबांच्या दवाखान्यात ये. आत्ता."

५

भावजी एका बाईंच्या दातांवर काम करत होते. मामा बाहेरच्या बाकावर बसले. आतून यंत्राची घरघर, मग चूळ भरल्याचा आवाज. बाई ओठ पुसत बाहेर आल्या आणि जिभेनं दात चाचपत निघून गेल्या.

"या मेव्हणे," भावजी दारात येऊन म्हणाले. "दाढ दुखतेय का?"

"डोकं दुखतंय. तुमच्या लेकीच्या गाडीपायी."

"आज संपेल ते," भावजी हातमोजे काढत म्हणाले. त्यांचा चेहरा दगडासारखा होता. "मी त्या डबड्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही, आणि कुणी लावू नये. रोज एक नवीन खोड. मध्ये वळणावर पेट्रोल गळायचं, ते कुठे थांबलं तर आता ही बंद पडायला लागली."

मामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. गळणारं पेट्रोल थांबलं, हे सकाळपासून चिमी एका शब्दानं बोलली नव्हती. तिला ते गळत होतं हेही ठाऊक नसावं.

तेवढ्यात चिमी जिना चढून वर आली. तिनं झाकण मामांच्या हातात दिलं. मामांनी न बोलता ते दवाखान्यातल्या मोठ्या दिव्याखाली धरलं आणि उलटं केलं. आतल्या पत्र्याच्या मधोमध, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा, एक बारीकसा गोल ठिपका होता. तो पत्र्यापेक्षा जरासा जास्त चकाकत होता. मामांनी त्यावरून नख फिरवलं. कुठे कंगोरा नाही, उंचवटा नाही.

"चांदी," ते म्हणाले. "दाढेत भरतात ती."

चिमीनं ठिपक्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बाबा, तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम गाडी बिघडवलीत? माझी गाडी? आणि वर मला शब्द द्यायला लावलात?"

भावजी एक पाऊल पुढे आले. ते त्या झाकणाकडे नुसते बघत राहिले.

"द्या विकून," चिमी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तरी कशाला थांबता? आत्ताच बोलवा त्यांना. आणि मीही हॉस्पिटलजवळ कुठेतरी खोली बघते." ती वळली आणि जिन्याकडे चालू लागली.

६

"बस खाली!" मामा ओरडले.

त्यांच्या तोंडून असा आवाज त्या घरातल्या कुणी कधी ऐकला नव्हता. चिमी बाकावर बसली. तिनं बाबांकडे पाठ केली होती.

"सकाळपासून मी तुझ्या गाडीपायी धूळ खातोय, ती अर्धवट ऐकून उठून जायला नाही. दिवसभर लोकांचे कान तपासतेस ना? मग आता स्वतःचे कान उघड. गाडी तळमळून बंद पडते असं तूच सांगितलंस. विजेचा दोष असता तर दिवा मालवल्यासारखी झटक्यात गेली असती. धाप लागते म्हणजे तिला पेट्रोल पोचत नाही. टाकीत तर असतं. मग का पोचत नाही? तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड बाहेर येतं का?"

"नाही," चिमी नाइलाजानं म्हणाली. "दुसरं पाडावं लागतं. हवा आत जायला."

"हे जुनं झाकण ते दुसरं भोक होतं. याच्या मधोमध बारीक छिद्र होतं, पेट्रोल खर्च होईल तशी हवा आत घ्यायला. ते बुजलं. जवळ गेलीस तर पेट्रोल फारसं खर्चच होत नाही, म्हणून बाजारात काही नाही. उस्तादाकडे उभ्या उभ्या तर त्याहून कमी. लांब गेलीस की टाकीचा दम कोंडतो, आणि तो पुरता कोंडेपर्यंत तुझी वखार येते. ज्या दिवशी वाटेत पेट्रोल भरलंस त्या दिवशी झाकण उघडलं गेलं, म्हणून सुटलीस. प्लग, फडकं, लाथ, नमस्कार, सगळं थोतांड. चारही वेळा त्याआधी तू झाकण काढून पट्टी बुडवली होतीस. आणि गाडीनं उसासा टाकला असं तू मला स्वतः सांगितलंस, नि मी गाढवासारखा तुलाच गप्प केलं. तो उसासा नव्हता चिमे. हवा आत शिरत होती."

"म्हणजे बाबांनी भोक बुजवलं," चिमी म्हणाली. "तेच तर मी म्हणतेय."

"बुजवलं. पण तुझा तर्क इथंच चुकतो. गाडी मारायला बुजवलं असतं तर आपल्या सन्मानाच्या दिवशी त्याच गाडीत कोण बसेल? आयुष्यात एकदा आलेला तो दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं घालवला, आणि आजपर्यंत त्यांना त्याचा पत्ता नाही. त्यांच्या तोंडाकडे बघ."

चिमीनं पाहिलं नाही.

"आणि हा ठिपका बघ. दुष्टावा करणारा माणूस डिंकाचा गोळा चिकटवून मोकळा होतो. कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी तो तासभर बसून गुळगुळीत करत नाही. ती पुडीतली पूड यांच्या घासायच्या भुकटीतली आहे. आता शेवटचं. वळणावर झाकणातून पेट्रोल गळायचं, हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग यांना कसं माहीत? बोट न लावणाऱ्याला?"

भावजी हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले.

"फाटकातून वळताना ओघळ यायचा," ते म्हणाले. "झाकणाखालून, थेट रंगावर. तू तो रंग इतके महिने घासून घासून लावलास. मला वाटलं, डाग पडेल. एका रात्री तू झोपल्यावर झाकण काढून पाहिलं तर मधोमध छिद्र. मला वाटलं, गंजानं किडलंय. दवाखान्यात नेऊन भरलं आणि दुसऱ्या दिवशी कठड्यावर ठेवून दिलं. कीड दिसली की आम्ही साफ करतो आणि भरतो. मला दुसरं काही येतच नाही गं."

"मग मला विचारायचं ना बाबा!" चिमी आता त्यांच्याकडे वळली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चिडलेलीही होती. "एका शब्दानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं!"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

"काय?"

"की तू निघालीस की मी रोज खिडकीत उभा असतो," भावजी म्हणाले. "पाय ठेवणार नाही म्हणून बसलो होतो ना. आता कुठल्या तोंडानं सांगणार?"

मामा उठले आणि खिडकीपाशी जाऊन उगीच रस्ता बघत राहिले. या दोघांनी एकमेकांना एक वाक्य सांगितलं असतं तर त्यांची सकाळ वाचली असती, याचा त्यांना संताप आला होता.

मागे यंत्राची घरघर सुरू झाली. भावजींनी झाकण दिव्याखाली धरलं होतं आणि ते स्वतः भरलेली चांदी स्वतःच कोरून काढत होते, अगदी जपून, छिद्राची कड दुखावू नये म्हणून. चिमी त्यांच्या हाताकडे बघत शेजारी उभी होती. "आणखी थोडं डावीकडे," ती मध्येच म्हणाली, आणि कधी कुणाचं न ऐकणाऱ्या डॉक्टरांनी मुकाट्यानं हात डावीकडे नेला.

दुपारी तिघं गाडीतून निघाले. मागच्या सीटवर मामांचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि शेजारी बटाट्यांची पिशवी होती. वखार आली तेव्हा कुणी श्वास घेतला नाही. वखार मागे गेली, हॉस्पिटल मागे गेलं, गाव संपलं, तरी गाडी चालतच होती. शेवटी मामांनीच कळवळून सांगितलं, "सिद्ध झालं गं बाई, आता वळव!"

संध्याकाळी कोटवाला आला. त्यानं बरोबर पांढरी चादरसुद्धा आणली होती. भावजी फाटकापाशी गेले.

"माफ करा," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही."

"पण दर वेळी बंद पडते असं तुम्हीच सकाळी फोनवर सांगितलंत."

"सांगितलं. माझं निदान चुकलं होतं," भावजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुठल्या रोग्यालाही म्हटलेलं मामांना आठवत नव्हतं. "दोष गाडीत नव्हता. मी केलेल्या कामात होता. मुलीचीही मी माफी मागितली आहे."

कोटवाल्यानं चादरीची घडी काखेत मारली आणि गाडीकडे एकदा हळहळून बघत तो निघून गेला. भावजींनी फाटक लावून घेतलं. अंगणात चिमी बॉनेटवर फडकं फिरवत होती. ते तिच्यापाशी गेले.

"उद्या मला दवाखान्यात सोडशील?" त्यांनी विचारलं.

"बाबा, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. तुम्ही चालत जाता."

"मग लांबच्या रस्त्यानं जाऊ," ते म्हणाले.

चिमीनं फडकं नीट घडी करून ठेवलं, आणि गाडीचं पुढचं दार उघडून बाबांच्या लांब पायांसाठी ती डावीकडची सीट मागे सरकवायला लागली.